लाल वल्हं

रविवार, ४ मे

"मी येणार नाही म्हणजे नाही!" — हे सकाळी. संध्याकाळी बॅग भरून दाराशी तयार. भरली कोणी? मीच!

कारण इथे लिहून ठेवतो, इथे कोणी मधे तोंड घालत नाही. परवा फोनवर तिने विचारलं, "कॉलेज सोडलंस, बरं. पुढे काय?" एवढंच. आवाजही चढवला नव्हता. आणि मी भडकलो. काय काय बोललो ते लिहीत नाही, हात रेटत नाही. वर फोनही मीच आपटला. मग रात्री तिचा निरोप — "गुरुवारपर्यंत माझी परीक्षा आहे. तोवर फोन नको, भेट नको, आणि खिडकीखाली येऊन उभं राहणं तर नकोच नको." (एकदाच उभा राहिलो होतो! कुत्रं मागे लागलं होतं.)

गुरुवारी तिची परीक्षा संपते. रविवारी ती नोकरीच्या शहरात जाणार — लांब, अगदी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे तिच्यासमोर उभं राहून माफी मागायला मला शुक्रवार-शनिवार सोडून दिवस नाही.

आणि आईने काढलीय ही सहल. नदीवर राफ्टिंग, काठावर तंबू, सगळं घरदार बरोबर. म्हणे, "घरात बसून बसून तू भिंतींना चावायला लागलायस." मी नकाशा पाहिला. गुरुवारचा मुक्काम एका पुलाजवळ. त्या पुलाशी रोज सकाळी तिच्या गावाहून एक बस येते, तिथेच वळते आणि परत जाते. जंगलातून बाहेर पडायचा तेवढा एकच रस्ता. शुक्रवारी सकाळी मी त्या बसमध्ये असेन. बाकीच्यांनी खुशाल वल्ही मारावीत!

आता कळलं ना, बॅग का भरली?


सोमवार, ५ मे

नदी थंड आहे. थंड म्हणजे — दातांची मुळं दुखतात!

आमची राफ्ट चालवणारी बाई भारदस्त आहे. आवाज असा की समोरच्या डोंगराने दचकून उत्तर द्यावं. मामाने तिला लगेच 'कप्तानबाई' करून टाकलं आणि तिलाही ते आवडलं. आल्या आल्या तिने सगळ्यांचे फोन एका डब्यात घातले, डब्याला पट्ट्या आवळल्या. "नदीत रेंज नाही, उगाच भिजवाल. रविवारी परत मिळतील." माझा फोन असा आत जाताना पाहिला आणि — मी तिच्याशी भांडलो. कप्तानबाई शांतपणे म्हणाली, "झालं? बरं, आता जाकीट घाल."

बसायच्या जागा. उजवीकडे पुढे बाबा, मग आई, मग मी. डावीकडे मधे मामा, मागे चिमटी — माझी धाकटी बहीण; हे नाव तिला का पडलं ते माझ्या दंडावर अजून दिसतं. सर्वांत मागे कप्तानबाई. डावीकडची पुढची जागा मोकळी. ती आत्याची. आत्याला रजा नाही, ती शुक्रवारी पुलाशी येऊन आमच्यात सामील होणार आहे. आत्या! जी बादलीतलं पाणी सुद्धा लांबून अंगावर घेते! मी तसं म्हणालो तर आई म्हणाली, "होईल सवय." चिमटी उगाच खी-खी करत होती.

तोवर तोल सांभाळायला त्या जागी पिण्याच्या पाण्याची निळी टाकी बांधली आहे. मामाने तिलाही जाकीट घातलं. "पाहुणे, सावरून बसा." दिवसभर टाकीशी गप्पा! "पाहुणे बोलत नाहीत फारसं, पण पोटात खूप आहे बघ त्यांच्या."

पुढे बसलेल्यांनी ठेका द्यायचा, मागच्यांनी धरायचा — असं कप्तानबाईंनी शिकवलं. म्हणजे आख्खी राफ्ट बाबांच्या ठेक्यावर. बाबा रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काम करतात. ते वल्हं मारतात तेही सिग्नल पाडल्यासारखं — खटक्! मग थांबायचं. खात्री करायची. पुन्हा खटक्!

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. प्रयोगशाळेतल्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्या वहीला रद्दी म्हटलं, मी ती खिडकीतून फेकली आणि तिच्या मागोमाग मीही बाहेर पडलो — दारातून — त्या दिवसापासून. जे काही सांगायचं ते चिमटीमार्फत. आजही भर पाण्यात, "तुझ्या दादाला सांग, कोपर सरळ ठेव." मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर!

एक महत्त्वाचं राहिलंच. मुक्कामाचं संडास-प्रकरण. नदीकाठ घाण करायचा नाही, म्हणून एक पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा बरोबर असतो. झुडपांच्या आड तो ठेवायचा आणि निघताना राफ्टवर चढवून पुढे न्यायचा. मामा त्याला 'खजिना' म्हणतो. खजिन्याकडे जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी एक तुटकं वल्हं रोवलेलं असतं, लाल रंगवलेलं. वल्हं जागेवर आहे — म्हणजे जागा मोकळी. जाताना वल्हं उपटून बरोबर न्यायचं, येताना परत रोवायचं. वल्हं नसेल तर कोणीतरी आत आहे, मुकाट उभं राहायचं.

बाबा हे ऐकून या सहलीत पहिल्यांदा खूष झाले. दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे टोकन पद्धत. एका वेळी एकच गाडी. फार सुरक्षित."


मंगळवार, ६ मे

खळाळांची नावं — म्हैस, चक्की, उधारीवाला (सारखा पाठीमागे लागतो). कप्तानबाईंनीच ठेवलेली. म्हैस ओलांडताना मी ओरडलो. आनंदाने! दिवसभरात चांगला बराच वेळ तिची आठवण आली नाही, आणि मग ते लक्षात आल्यावर अपराध्यासारखं वाटलं.

आज तिचा कुठला पेपर असेल?

चिमटी बटाटे भाजता भाजता म्हणाली, "दादा, तू असा हसलास ना, की माणसात आल्यासारखा दिसतोस." चिमटा तिला मी काढला. फिटंफाट.


बुधवार, ७ मे

आज 'सासूबाई'.

या नदीवरचा सर्वांत मोठा खळाळ. लांबून नुसता आवाज येतो, दिसत काही नाही. कप्तानबाईंनी राफ्ट काठाला लावली, आम्हाला खडकावर चढवून वरून पाणी दाखवलं. मधे एक काळा खडक, त्याला डाव्या हाताला टाकून जायचं. "मी 'वल्ही वर' म्हटलं की वर. एक जरी माणूस मारत राहिला तरी राफ्ट फिरते. कळलं?" — हे बोलताना माझ्याकडेच का पाहिलं?

मामा टाकीला म्हणाला, "पाहुणे, घरी काही निरोप?"

गेलो आत. पांढरं! नुसतं पांढरं पाणी, वर-खाली, कानात, नाकात. "पुढे! पुढे! पुढे!" — मी जीव खाऊन मारत होतो. डोक्यात एकच चालू होतं, पुढे काय, पुढे काय, पुढे काय — आणि मी त्या प्रश्नालाच वल्ह्याने झोडत होतो. "वल्ही वर!" ऐकू आलं. आलंच. हात थांबले नाहीत.

राफ्ट गर्रकन फिरली. उजवी बाजू खडकावर आदळली आणि बाबा — टोपीसकट — गेले!

आईचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या क्षणी बाबांचं डोकं माझ्याच शेजारी वर आलं. डोळे मोठ्ठे, आणि चष्मा दोरीला लोंबतोय — आईने पहिल्याच दिवशी बळजबरीने बांधलेली दोरी. शिकवल्याप्रमाणे मी त्यांच्या जाकिटाचे दोन्ही खांदे धरले, एकदा खाली दाबलं, आणि पाठीवर झोकून देत ओढलं. बाबा सबंधच्या सबंध माझ्या अंगावर! ओले, जड, दमलेले. तसेच पडून राहिलो दोघं. राफ्ट तोवर सासूबाईंच्या पलीकडे, शांत पाण्यात.

बाबांनी श्वास घेतला. आणि म्हणाले — मला! थेट! मधे चिमटी नाही! —

"गुडघा काढ. पोटात रुततोय."

इतक्या महिन्यांनी पहिलं वाक्य. मी गुडघा काढला.

मग कप्तानबाईंनी माझी जी काही शोभा केली ती ऐकून घेतली. उलट बोललो नाही. मामाने वातावरण सैल करायला म्हटलं, "पाहुणे मात्र जागचे हलले नाहीत हं! घराणं चांगलं असणार." सगळे हसले. बाबाही. आई हसता हसता रडली आणि मग टॉवेलने बाबांचं डोकं इतकं खसाखसा पुसलं की ते म्हणाले, "अगं, केस आधीच मोजके आहेत."

संध्याकाळी शेकोटीजवळ मी त्यांना चहा नेऊन दिला. "चुकलं माझं," म्हणालो. त्यांनी कप घेतला. "ऐकू आलं होतं ना तुला?" — "हो." — "हं." एक लाकूड विस्तवात सरकवलं. "मला वाटलं, ऐकू आलं नसेल. तसं असतं तर सोपं होतं."

रागावले असते तर बरं झालं असतं.


गुरुवार, ८ मे

पूल दिसला!

लोखंडी, जुना, एका बाजूला थोडा वाकलेला. तंबू त्याच्या खालच्या वाळूत टाकले. वर चढण चढून गेलं की रस्ता, आणि रस्त्याला लागून बसचा थांबा — पत्र्याचं छप्पर नि एक बाक. मी पाणी आणायच्या निमित्ताने जाऊन पाहून आलो.

तिचा शेवटचा पेपर आज संपला असेल. मैत्रिणींबरोबर कुठेतरी बसून हसत असेल. का नसेल?

दुपारभर तिला काय म्हणायचं त्याची तयारी केली. पहिली सुरुवात — "तू मला समजून घे." मी चूक करायची नि समजून तिने घ्यायचं! खोडली. दुसरी — "तुझा प्रश्नच चुकीचा होता." वा रे वा. तिसरी सुरू करेपर्यंत मामाने हाक मारली. तंबू फाटला होता. मामाचं दुकान बायकांचे कपडे शिवण्याचं, तो सुई-दोरा घेऊन बसलेलाच. कापड मी ताणून धरलं. "असं खेचू नकोस रे, धर नुसतं. खेचलंस की टाका चुकतो." मग दातात दोरा धरून म्हणाला, "आमच्या ताईने तुझ्या बाबांना हो म्हणायला वर्ष लावलं, माहितेय? मी निरोप पोचवून पोचवून झिजलो."

मला काय करायचंय ते! पण ऐकत राहिलो.

आई आज भलतीच खुशीत. गुणगुणतेय. आई दवाखान्यात टेलिफोनवर बसते — ह्याला त्या खोलीशी जोड, त्याला ह्या डॉक्टरशी जोड. चार दिवस फोनशिवाय राहिली तर खरं म्हणजे तिलाच चैन पडायला नको. "उद्या आत्या येणार म्हणून एवढा आनंद?" मी विचारलं. "हो की," म्हणाली, आणि चिमटी पाण्याचा घोट घेता घेता ठसकली.

उद्या मी नसेन. चिठ्ठी लिहावी का? नको. पळून जाणाऱ्याने चिठ्ठ्या कसल्या लिहायच्या. पुढच्या गावातून कसातरी निरोप धाडीन.

आज शेकोटीशी बाबांनी न मागता माझ्या ताटात एक अंडं जास्त वाढलं. उगाच वाढलं. आता जड जातंय.


शुक्रवार, ९ मे, सकाळी, बसच्या थांब्यावर

निसटलो!

उजाडता उजाडता तंबूतून बाहेर आलो तर चिमटी दगडावर बसून दात घासत होती. तोंडभर फेस. "कुठे?" मी काय करावं? समोर लाल वल्हं होतं. उपटलं. "कुठे म्हणजे? तिकडे." — "बॅग घेऊन?" — "टॉवेल आहे आत!" तिने खांदे उडवले. मी पायवाटेने झुडपांत शिरलो, खजिन्याला वळसा घातला, आणि पलीकडून चढण चढून थेट वर.

बस अजून यायची आहे. धुकं आहे. बाकावर ओल आहे. माझ्या मांडीवर ही वही, पायाशी बॅग, आणि हातात —

अरे देवा.

हातात लाल वल्हं!


तिथेच, थोड्या वेळाने

काय झालं ते पटकन लिहितो, बस कुठल्याही क्षणी येईल.

वल्हं बघून आधी घाम फुटला. खाली सगळे उठले असणार. वल्हं जागेवर नाही, म्हणजे कोणीतरी आत आहे. आणि आमचं कुटुंब असं — कोणी हाक मारणार नाही, कोणी जाऊन बघणार नाही. परत खाली जाऊ? तेवढ्यात बस आली तर? एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला आख्ख्या घराचं पोट! उठलो, बसलो. पुन्हा उठलो.

तर चढणीवरून बाबा येताना दिसले. धापा टाकत. एका बुटाची नाडी सुटलेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे वल्हं.

"आत गेलेली गाडी वेळेत बाहेर पडली नाही," बाबा म्हणाले, "तर एक तर गाडीत बिघाड, नाहीतर सिग्नलमध्ये. चालत जाऊन बघावं लागतं."

"बाबा, मी..."

"तुझी आई रांगेत उभी आहे. तिच्या मागे कप्तानबाई. मामा उभा नाही, तो झाडाला मिठी मारून बसलाय. म्हणतोय, ह्याला काय झालंय, डॉक्टर बोलवा. मीच म्हटलं, टोकन परत आल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही."

मला हसू फुटलं. दाबायला गेलो तर जास्तच! बाबा समोर बघत होते, पण मिशी हलली. मग तेही. बाकावर बसून दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

हसणं संपल्यावर सांगितलं. कुठे चाललोय, कोणाकडे, का. फोन आपटल्याचं सुद्धा. आवाज न चढवता. स्वतःचा आवाज मला अनोळखी वाटला.

"तिला सांगणार काय?"

"पुढे काय ते मला माहीत नाही, हेच. पण आता ओरडून नाही. शांतपणे माहीत नाही."

हे काल दुपारभर सापडत नव्हतं! बाबांना सांगताना आपोआप आलं.

ते बुटाच्या नाडीशी वाकले. मग म्हणाले, "लग्नाच्या आधी मलाही माहीत नव्हतं. तुझ्या आईला मात्र सांगितलं होतं, सगळं ठरलेलं आहे." नाडी बांधली. "तुझं जास्त बरं आहे."

उठले. हात पुढे केला. मला वाटलं, आता दंडाला धरून खाली नेणार.

"जायचं तर जा. वल्हं देऊन जा."

दिलं. त्यांनी ते झेंड्यासारखं खांद्यावर टाकलं आणि उतरायला लागले. वळणावर थांबले, मागे वळून ओरडले —

"आणि बस आली की धसमुसळेपणा करू नकोस! आधी उतरणाऱ्यांना उतरू दे!"

ह्या वयात मला बसमध्ये चढायला शिकवतायत! इतकं चांगलं चाललं होतं. शेवटी टोचून बोलायचंच!

खालून जल्लोष ऐकू येतोय. वल्हं पोचलं वाटतं.

बसचा आवाज —


शुक्रवार, संध्याकाळ

उतरणारी एकच होती. पाठीला पिशवी, डोळ्यांवर झोप, चष्म्याला दोरी बांधलेली.

मी दारातच उभा. "आत्या नाही आली?" — तोंडातून हेच बाहेर पडलं! हेच!

"पुढची डावी जागा माझी आहे, असं तुझ्या आईने निघण्याआधीच फोनवर सांगितलं होतं," ती म्हणाली. "गाडी सोमवारची करून घेतलीय. मला पोहता येत नाही. आणि मी अजून रागावलेली आहे. — जाकीट कुठे मिळतं?"